ताईंनी कौतुक केलं त्याची गोष्ट

बसडेपोच्या प्रमुखपदावर ताई आल्या त्या तीन महिन्यांच्या बोलीवर. पहिले अडीच महिने त्यांनी तोंडाचा पट्टा चालवून डेपो सुरळीत ठेवला. मग मुख्य कचेरीतून प्रशिक्षक बाई आल्या. ताईंना कायम करायचं की नाही, ते याच बाईंच्या अहवालावर ठरणार होतं.

बाई म्हणाल्या, "प्रमुखानं आधी माणसाची स्तुती करावी, मग चूक सांगावी."

ताईंनी ते वहीत उतरवलं.

पहिला बळी गेला मिस्त्रींचा. तीस वर्षं ब्रेक तपासणारा माणूस. त्यांच्या सहीशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नसे. ताईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, तेव्हाच ते सावधपणे खुर्चीच्या टोकावर टेकले.

"मिस्त्री, तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही."

"काय झालं, ताई?"

"काही नाही हो! आठ नंबरच्या गाडीचा ब्रेक किंचित सैल वाटतो, एवढंच." ताई गोड हसल्या.

पाव तासात मिस्त्रींचा राजीनामा टेबलावर. बाहेर अकरा गाड्या सहीसाठी खोळंबलेल्या, प्रवासी घड्याळाकडे बघतायत. ताई धावतच कार्यशाळेत गेल्या. मागोमाग बाई. मिस्त्री आपला डबा पिशवीत भरत होते.

"अहो, मी तर कौतुक केलं तुमचं!"

"तेच तर! बायकोला फोन केला. ती म्हणाली, ताई गोड बोलल्या? मग काढलंच तुम्हाला. या घरी."

ताईंचं डोकं सटकलं. "काढायला मला वेड लागलंय? आठ नंबरचा ब्रेक इथे दाबला की गाडी पुढच्या चौकात थांबते! डोळे काय घरी ठेवून आलात? आणि वर राजीनामा देताय? लाज नाही वाटत? व्हा गाडीखाली!"

मिस्त्रींचा चेहरा उजळला. "मग असं नीट सांगायचं ना आधी!" म्हणत ते आठ नंबरखाली सरकले.

बाईंनी पेन काढलं. "नेहमी असंच बोलता तुम्ही?"

'नाही, आजच चिडले' म्हणणं सोपं होतं. ताईंनी वही मिटली. "नाही हो. आज पाहुणे होते, म्हणून जरा जपून बोलले."

"खरंय बाई," गाडीखालून आवाज आला. "आज फारच जपलं."

बाईंनी अहवाल बॉनेटवर ठेवून 'कायम करावे' असं लिहिलं, सही ठोकली आणि इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "आमच्या साहेबांना एकदा भेटाल का हो?"