वर्गात खुर्ची नसते

अंबरीश सरांनी आपल्या क्लासच्या सगळ्या वर्गांतून खुर्च्या काढल्या, त्याच वर्षी सौदामिनी मॅडमच्या डाव्या पायावर पहिली निळी शीर उठली. दोन्हींचा संबंध आहे, असं त्या कधी बोलल्या नाहीत. लातुरात जीवशास्त्र शिकवणाऱ्यांचा तोटा नाही, आणि बसून शिकवणारा मास्तर म्हणजे झोपलेला मास्तर, हे सरांचं वाक्य जिन्यात रंगवलेलं होतं.

आता ती शीर पोटरीभर पिळली होती आणि घोट्याजवळची कातडी काळवंडली होती.

"घट्ट मोज्यांनी आराम पडेल, पण शीर बरी व्हायची नाही," डॉक्टर म्हणाले. "बारक्या शिरा असत्या तर इंजेक्शनवर भागलं असतं. तुमची मोठी शीर आहे, तिच्या झडपा गेल्यात. लेझरनं आतून बंद करू. त्याच दिवशी चालत घरी जाल. थांबलात तर इथं जखम होईल, आणि ती लवकर भरत नाही. तोवर जमेल तेव्हा बसा, पाय वर ठेवा."

मंगळवार ठरला. मॅडमनी रजा मागितली.

"परीक्षा तोंडावर आली, आणि तुम्ही पायाचे लाड करायलात," सर खुर्चीत रेलून म्हणाले. "माझी माय मुखेडला हाटेलात उभ्यानं भजे तळायची. तिला कुठं लेझर होतं?"

"तिचे पाय कधी पाहिलेत, सर?"

"जबान सांभाळा, म्याडम. रजा न्हाई."

शनिवारी मधल्या सुट्टीत पाय फार ठणकला. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मॅडमनी टाच टेबलावर टेकवली आणि त्यांचा डोळा लागला. समोरच्या भिंतीवर सरस्वतीची तसबीर आहे, हे ध्यानातच राहिलं नाही. संध्याकाळी स्टाफरूमच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातला तो फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर आला. खाली सरांनी लिहिलं होतं, 'विद्येच्या देवीला पाय दाखवणाऱ्यांनी आपली जागा ओळखावी.' एकेकानं खाली जोडलेले हात टाकले. रोज त्याच तसबिरीला हार घालणाऱ्या मॅडमना जेवण गेलं नाही.

सोमवारी धडा रक्ताभिसरणाचा होता. फळ्यावर शीर काढून होईपर्यंत पाय जड झाला. मॅडम टेबलामागं लाकडी चौथऱ्यावर बसल्या. पहिल्या बाकावरच्या मुग्धानं आपलं दप्तर पुढं सरकवलं. त्यांनी पाय त्यावर ठेवला आणि शिकवणं चालू ठेवलं.

खाली ऑफिसात सरांना वर्गातल्या कॅमेऱ्यात नुसता फळा दिसत होता. सर धावतच वर आले.

"कुठं गेल्या म्याडम?"

"इथंच आहे."

सरांनी टेबलावरून वाकून पाहिलं. "पोरांसमोर तंगड्या पसरून बसलात? तमाशा लावलाय का? उठा."

"पाठ संपला की उठते."

"आत्ता उठा. न्हाईतर उद्यापासून येऊ नका."

"उद्या तसंही मी येणार नव्हते," मॅडम म्हणाल्या आणि मुलांकडं वळल्या. "तर झडप बिघडली, की रक्त कुठं साचतं?"

सगळे सरांकडं बघत होते.

"खाली," मुग्धा म्हणाली.

"बरोबर. लिहून घ्या."

सर दारातून हलले नाहीत. मॅडमही उठल्या नाहीत.