फेट्याचं दुसरं टोक

मी एक फेटा बोलतोय. जरीचा नाही, गुलाबी नाही. साधा पांढरा, सुती, बारा हात लांब. धुण्यागणिक निळीचं पाणी पिऊन अंगावर आता फिकट आभाळाची छटा आली आहे. एका कडेला उंदराने कुरतडलेलं भोक आहे. ते आतल्या वेढ्यात कसं लपवायचं, हे गोजरबाईला पाठ आहे.

जन्म माझा इथलाच. जाफराबादच्या काळ्या रानात मी कापसाचं बोंड होतो. जालन्याच्या जिनिंगमध्ये सरकी मागे राहिली आणि मी गासडीत दाबून आगगाडीने लांबच्या गिरणीत गेलो. तिथे पिंजला गेलो, कातला गेलो, विणला गेलो. आणि घडी होऊन परत आलो तो जालन्याच्याच दुकानात. लांब जाऊन आलेल्याला वाटतं, आता आपल्याला सगळं कळतं. मलाही वाटायचं. पण माझं शिकणं परत आल्यावर सुरू झालं.

छप्पन साली दसऱ्याच्या आधी पुंजाराम त्या दुकानात आला. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला जायचं होतं, पांढरे कपडे घालून. दुकानदाराने मला उलगडलं.

"बारा हात द्या," पुंजाराम म्हणाला.

"येवढा कशाला? आठात भागंल की."

"माझं भागंल आठात. बापाचं बी बांधायचंय."

त्याचा बाप तर केव्हाच वारला होता. मी बुचकळ्यात पडलो. पुढे नागपूरच्या वाटेवर तो शेजारच्या माणसाला सांगत होता, तेव्हा उलगडा झाला. गावच्या वेशीकडे जाणारा रस्ता जमीनदार अण्णासाहेबांच्या दारावरून जातो. ते दार आलं, की पुंजारामचा बाप डोक्यावरचं मुंडासं काढून काखेत मारायचा. दार ओलांडून लिंबाच्या झाडापाशी पोचला, की पुन्हा बांधायचा. ऊन असो की पाऊस, त्या चाळीस पावलांपुरतं डोकं उघडं.

नागपूरहून परतताना पुंजाराम त्याच दारावरून गेला. मी त्याच्या डोक्यावर होतो. चाळीस पावलं मी मोजली. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्यात मुरत होता, पण हात काही वर आला नाही. चाळीस संपल्यावर त्याने एवढा मोठा श्वास सोडला, की माझा वेढा सैल झाला.

घरी त्याच्या बायकोने, गोजरबाईने विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई. मान आखडली जरा."

आता मला बांधण्याची रीत सांगतो, कारण माझी सगळी गोष्ट त्या रीतीत आहे. बारा हातांचा फेटा एकट्याने बांधता येत नाही. आधी त्याला ताणून चुण्या घालाव्या लागतात. एक टोक पुंजारामच्या हातात असायचं आणि दुसरं गोजरबाईच्या. ती अंगणाच्या त्या कडेला त्याच्याकडे तोंड करून उभी राहायची. मला ताणायची, झटकायची, पीळ भरू लागला की एकेक पाऊल पुढे यायची. तो वेढे घेत जायचा, ती सोडत जायची. शेवटच्या वेढ्याला दोघं हातभर अंतरावर येत आणि माझा शेव, म्हणजे सुटं टोक, त्याच्या डाव्या खांद्यावर पडे. मग ती म्हणायची, "बराबर हाय." त्यांच्या घरात आरसा नव्हता. तीच आरसा.

पुंजारामचा हात असा बसला, की आसपासच्या गावांतून नवरदेवाचे फेटे बांधायला त्यालाच बोलावणं येई. वरातीची घाई असली, की तो घरीच स्वतःच्या गुडघ्यावर फेटा बांधून ठेवायचा. "माणसाचा गुडघा आन् डोकं, माप एकच," तो म्हणायचा. "काहींचं तर आतलंबी सारखंच असतं." लोक हसत. पण त्या प्रत्येक फेट्याचं दुसरं टोक कोणी धरलं होतं, हे मात्र कधी कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

वीस वर्षं गेली. रोजच्या कामाला त्याचं दुसरं मुंडासं होतं. मी जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नाकार्याला. शहात्तरच्या दिवाळीनंतर एका सकाळी पुंजाराम विहिरीवर कोसळला. उजवं अंग गेलं. पाय हळूहळू सुधारला, काठी टेकत तो घरात हिंडू लागला. हात मात्र लोंबतच राहिला; एका हाताने ना मुंडासं बांधता येई, ना फेटा.

त्या दिवसापासून त्याने उंबरा ओलांडला नाही. उघड्या डोक्याने माणूस बाहेर पडतो तो घरात कोणी गेल्यावर, असं आमच्याकडे समजतात. पण त्याचं कारण त्याहून खोल होतं.

"टॉवेल टाका न् डोक्यावर," गोजरबाई म्हणाली.

"टॉवेल उन्हासाठी असतो. मानासाठी न्हाई."

"मंग मी बांधून देते."

"दुसऱ्यानं बांधावं ते नवरदेवाला, न्हाईतर तिरडीवरच्याला. मी दोन्हीत बसत न्हाई."

मी पत्र्याच्या पेटीत पडून हे ऐकत होतो. उंदीर त्याच महिन्यातला.

अशात मुलीचं, प्रभावतीचं लग्न ठरलं. सत्त्याहत्तरचा उन्हाळा. वऱ्हाड आष्टीकडून येणार होतं. पाहुण्यांना घ्यायला मुलीच्या बापाने वेशीपर्यंत जायचं असतं, आणि वेशीचा रस्ता तोच, अण्णासाहेबांच्या दारावरचा.

"मच्छिंद्र जाईल माझ्या जागी," पुंजारामने सांगून टाकलं.

प्रभावती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला. बापाला ती दादा म्हणायची. "दादा, तुमी न्हाई आले तर मी बी उभी न्हाई राहनार लग्नाला."

"यडी का काय तू?"

"तुमचीच हाय."

मच्छिंद्र तिचा मोठा भाऊ. मुंबईला वसतिगृहात राहून शिकला आणि शहरातली नोकरी नाकारून बदनापूरला मास्तर झाला. समाज बदलायचा ध्यास घेतलेला, बोलायला लागला की थांबत नसे. लग्नाच्या आठ दिवस आधी तो एक खोका घेऊन आला. खोक्यात तयार फेटा होता: आत पुठ्ठा, वरून शिवलेलं चकचकीत कापड.

"एका हातानं घालता येतो, दादा."

पुंजारामने तो डाव्या हाताने डोक्यावर ठेवला. जरा मान हलवली, तर फेटा कानावर आला. प्रभावतीला हसू आवरेना. "तमाशातला राजा दिसून राह्यले दादा!"

मच्छिंद्र दुखावला. "मुळात फेट्यात आहे काय? मी उघड्या डोक्यानंच फिरतो ना? डोक्याच्या आत विचार पाहिजे. हे कापड म्हणजे जुन्या मानपानाचं ओझं आहे."

पुंजारामने पुठ्ठ्याचा फेटा काढून हळूच खोक्यात ठेवला.

"बाळा, तुला कोनी उतरव म्हनलं न्हाई. म्हनून तुला उघडं फिरता येतं."

मच्छिंद्रने खोका बंद केला.  मग तो बापाच्या लोंबत्या हाताशी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईने मला पेटीतून काढलं. केळणा नदीच्या पाण्यात धुतलं, नीळ दिली, काठावरच्या झुडपांवर वाळवलं. दुपारी पुंजारामचा डोळा लागला, की ती मला मागच्या पडवीत न्यायची. एक टोक खुंटीला बांधायची, स्वतः चुण्या भरायची आणि पालथ्या डेऱ्यावर वेढे घालायची. सुटायचे. पुन्हा घालायची. तिची बोटं शेणामातीची, खुरप्याची. पण ताण कुठे द्यायचा आणि कुठे सोडायचा, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. वीस वर्षं मी या हातांमधून गेलो होतो आणि मला वाटत होतं, हे हात नुसते धरतात.

तिसऱ्या दिवशी प्रभावती पाणी घ्यायला आली, तर डेऱ्यावर फेटा!

"माय, ह्यो कोन पाव्हना आलाय? बसा म्हनावं, च्या ठिवते."

"हळू बोल गं! उठतेन ते."

"जमला की गं तुला."

"जमायला काय? डेरा बोलत न्हाई. तुझा बाप बोलतो."

लग्नाचा दिवस उजाडला. "गाडी आली, गाडी आली" असा वेशीकडून गलका झाला. मच्छिंद्र सदरा घालून तयार होता, पण निघेना. पुंजाराम भिंतीकडे तोंड करून बाजेवर बसला होता. तेव्हा गोजरबाई बाहेरच्या खोलीतून आली. दोन्ही हातांवर मी होतो, पूर्ण बांधलेला.

पुंजारामने पाहिलं. चेहरा कठीण झाला. "कोनी बांधला?"

"म्या. माझ्या गुडघ्यावर."

"मी काय म्हनलो होतो?"

"म्हनले होते, दुसऱ्यानं बांधू न्हाई." तिने मला त्याच्यासमोर धरलं. "मी दुसरी कवापासून झाले? वीस वर्षं येक टोक तुमच्याकडं होतं. दुसरं काय भिताडानं धरलं होतं? आन् डोक्यावर मी ठिवत न्हाई. तुमचा डावा हात चांगला हाय. तुमचा तुमी ठिवा."

 बाहेर हलगी वाजायला लागली होती. मग पुंजारामचा डावा हात पुढे आला. त्याने मला उचललं आणि कित्येक महिन्यांनी मी त्याच्या कपाळावर टेकलो.

आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की घोटाळा झाला आहे.

गोजरबाई समोर उभी राहून शिकली होती. तो डावीकडे नेई, ते तिला उजवीकडे दिसे. तिने जसं पाहिलं तसंच स्वतःच्या गुडघ्यावर बांधलं होतं. माझे सगळे वेढे उलटे गेले होते आणि शेव उजव्या खांद्यावर पडला होता. बायकांना कोण फेटा बांधू देणार, की तिला हे कधी कळावं! गावात मात्र शेंबडं पोरही ओळखणार होतं.

पुंजारामने डाव्या हाताने सवयीने शेव चाचपला. डाव्या खांद्यावर नव्हता. हात उजवीकडे गेला, तिथे सापडला. नवरदेवांना फेटे बांधणारा तो माणूस. त्याला कळायला किती वेळ लागणार? त्याने गोजरबाईकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"बराबर हाय," तो म्हणाला. "चल, जल्दी. पाव्हने खोळंबलेत."

आम्ही निघालो. पुढे काठी टेकत पुंजाराम, बाजूला मच्छिंद्र, मागे गोजरबाई आणि चार बायका. अण्णासाहेबांचं दार आलं. ते ओट्यावर बसले होते, आता तेही म्हातारे. शेजारी दोन-तीन माणसं. मी पावलं मोजायला लागलो.

"पुंजाराम," अण्णासाहेबांनी हाक मारली, "अरे, फेटा उलटा बसला की तुझा. दुनियेला बांधतो आन् स्वतःचा असा? कोनी बांधला रे?"

ओट्यावर हशा पिकला. मागे गोजरबाईचं पाऊल थांबल्याचं मला कळलं. मच्छिंद्र पटकन म्हणाला, "मी बांध..."

"थांब," पुंजाराम म्हणाला. तो पूर्ण वळला आणि ताठ उभा राहिला. "उलटा न्हाई, अण्णासाहेब. समोर उभं राहून शिकलेला हाय. माझ्या मालकिणीनं बांधलाय. आमच्या घरात आतापासून आसाच बांधत्यात."

हशा विरला. अण्णासाहेबांनी फेटा एकदा नीट न्याहाळला. मग म्हणाले, "बसलाय मात्र घट्ट."

"बसनारच. बारा हात हाय."

लिंबापाशी आल्यावर या वेळी त्याने श्वास सोडला नाही. मागे वळून नुसतं बघितलं. गोजरबाई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, ते मला इतक्या उंचावरून दिसलं नाही.

प्रभावतीचं लग्न झालं. त्रिशरण म्हणताना बापाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आता तिला दोन मुलं आहेत. मच्छिंद्र अजून उघड्या डोक्यानेच फिरतो. पण पुठ्ठ्याचा तो फेटा त्याने परत नेला आणि माणसं समजून घेण्याआधी बोलायचं नाही, एवढं मात्र शिकला. मी झिजलोय. भोकाच्या कडाही विरल्यात. कधीतरी माझी फडकी होतील, बाळाची दुपटी होतील. त्याची मला खंत नाही. एकच मागणं आहे. कुठे ताठ मानेचा, सुरेख फेटा बांधलेला माणूस दिसला, तर त्याला रामराम करा, जयभीम करा, पण दुसरं टोक कोणाच्या हातात होतं, तेही एकदा विचारा.

आज बुद्धपौर्णिमा. गोजरबाईने मला झटकून माझं एक टोक आपल्या गुडघ्यावर धरलं आहे. अंगणाच्या त्या कडेला, तिच्याकडे तोंड करून पुंजाराम उभा आहे. डाव्या मुठीत माझं दुसरं टोक घट्ट धरून तो विचारतो आहे, "सोडू का?"

"अजून न्हाई," ती म्हणते. "धरून ठिवा."