कालाखोहच्या भैरूचा कौल

आमच्या हॉटेलात पाहुण्यांचं स्वागत 'खम्मा घणी हुकम' म्हणून होतं. आमच्या भागात असं कुणी म्हणत नाही, आम्ही 'राम राम' म्हणून मोकळे होतो. पण मालक जोधपूरचे, आणि पाहुण्यांनी सिनेमे पाहिलेले असतात. गाद्या मऊ, पाणी चोवीस तास गरम, खिडकीतून किल्ला दिसतो. वाघ दिसला नाही तर दोष जंगलाचा, हे आम्ही बिलावरच छापलं आहे. मी इथला मॅनेजर. इतिहासात एम.ए. केल्यावर किल्ल्याजवळ नोकरी लागली. इतिहासाकडून याहून जास्त मागू नये.

पोर्चमध्ये पाहुण्यांना साफा बांधायला कजोडबा असतो. गुर्जर, सत्तरी उलटलेला. खरं म्हणजे तो कालाखोह गावचा भोपा, देवाचा कौल लावणारा. कालाखोह आता वाघांच्या पार्कात आहे. अठरा वर्षांपूर्वी गाव उठवून सडकेला वसवलं, तेव्हा कजोडबानं गावच्या देवाला, भैरूला विचारलं होतं, येतोस का? मूठभर ज्वारी घ्यायची आणि जोड्या लावायच्या. पुरत्या लागल्या तर हो, एक दाणा उरला तर नाही. दाणा उरला. गाव पुढं आलं, देव मागं राहिला.

तेव्हापासून वस्तीत म्हैस गाभडली, बोअर आटली, नवी सून माहेरी निघून गेली, की सगळे एकच म्हणत, देव सोबत नाही. कौल पुन्हा लावता येतो, पण देवाच्या नजरेसमोर. लावणारा फक्त कजोडबा. त्याला मुलगा नाही आणि दुसऱ्या कुणाला ते येत नाही. देव हो म्हणाला तर त्याच्या पायाशी पडलेला एक खडा उचलून आणायचा. देव खड्यात बसून येतो. पण पार्कात जायचं तर सफारीचं तिकीट लागतं, आणि त्या तिकिटावर गाडीतून उतरता येत नाही.

मार्चातल्या एका दुपारी योग आला. इंदूरच्या लुणावतांनी सफारीसाठी उघडी जिप्सी ठरवली होती. धाकट्या भावाला आणि भावजयीला बाटीवरचं तूप बाधलं, दोन जागा रिकाम्या झाल्या. एकीवर मी बसलो, दुसरीवर कजोडबाला बसवलं. गेटवर नावं तपासतात, पण गेटवाला माझा साडू.

"हे कोण?" थोरल्या लुणावतांनी विचारलं.

"जंगलाचे जाणकार," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

किल्ल्याच्या भिंतीखालून गाडी आत शिरली, पुढं ड्रायव्हरशेजारी गाइड हेमराज. दीड तासात चार सांबरं, एक मोर आणि लुणावतीणबाईंची चिवड्याची तीन पाकिटं एवढंच झालं. मग एका वळणावर पडक्या भिंती लागल्या. झाडाखाली ओटा, ओट्यावर एक दगड, शेंदूर केव्हाच धुऊन गेलेला. कजोडबा ताठ झाला.

"हेमराज, थांबव."

"बा, पडझडीपाशी गाडी थांबत नाही," गाइड म्हणाला. "मागं रांग आहे. वाघ असला तर बोला."

कजोडबानं ओट्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "आहे. झाडामागं. वाघीण बसलीय."

ब्रेक लागला. मागं एकेक करत नऊ जिप्स्या थांबल्या. वाघासमोर माणसं जितकी शांत बसतात तितकी देवळातही बसत नाहीत. त्या शांततेत कजोडबानं खिशातली मूठभर ज्वारी मांडीवर सोडली आणि जोड्या लावायला घेतल्या.

"कान! कान हलला!" लुणावत कुजबुजले. मागच्या जिप्सीतल्या कुणाला शेपटी दिसली.

कजोडबानं दोनदा मोजलं. मग माझ्याकडं वळला. "साब, हो म्हणतोय."

त्याला एवढं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"हेमराज, मला उतरू दे. बारा पावलं आहेत. खडा उचलतो आणि आलो."

"वाघीण बसलीय म्हणता आणि उतरता? बा, तुमचा जीव जाईल आणि माझं लायसन्स!"

"वाघीण नाही रे. उगाच बोललो मी."

"उगाच कसं?" लुणावत भडकले. "मी कान पाहिलाय. हा घ्या फोटो." फोटोत गवत होतं.

कजोडबा पाय बाहेर टाकायला लागला तशी लुणावतीणबाईंनी त्याचा हात धरला. "आजोबा, जीव नकोसा झालाय का?"

"आई, नाही हो वाघीण! भैरूची शपथ!"

"ऊन लागलंय यांना. अहो मॅनेजर, पाणी द्या."

म्हातारा खरं बोलतोय, एवढं मी म्हणू शकलो असतो. मग आमच्या हॉटेलनं खोटा वाघ दाखवला असं दहा जिप्स्यांतली माणसं रात्रीपर्यंत इंटरनेटवर लिहून मोकळी झाली असती. मी पाणी दिलं.

हेमराजनं ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. गाडी हलली.

परतताना लुणावत सगळ्यांना कान दाखवत होते. कजोडबा एकदाच बोलला, "मागं नाही म्हणाला होता, तर राहिला आपल्या मर्जीनं. आता हो म्हणून बसलाय, साब. आता वाट बघेल."

"पुन्हा योग येईल, बा," मी म्हणालो. आमची सफारी चुकलेल्या पाहुण्यांनाही मी हेच सांगतो.

पाहुण्यांना उतरवून मी त्याला वस्तीवर सोडायला गेलो. दिवस मावळत होता. देवासाठी बांधलेल्या नव्या ओट्यावर लाल कापड अंथरलं होतं आणि सगळी वस्ती जमली होती. त्याची भावजय मूली पुढं झाली.

"काय म्हणाला, जेठजी?"

कजोडबानं माझ्याकडं पाहिलं. मी सडकेकडं पाहत होतो.

"नाही म्हणाला."

"हट्टी मेला," मूली म्हणाली. "अठरा वर्षं झाली, अजून रुसवा जात नाही. काय कमी केलं होतं त्याला?"

"त्याला बोलू नकोस," कजोडबा एकदम ओरडला. सगळे दचकले. मग त्याचा आवाज खाली आला. "त्याला नको बोलूस."

मूलीनं ओट्यावरचं कापड उचललं, झटकलं आणि घडी करून काखेत धरलं. कुणाच्या तरी लग्नात कामी येईल, ती म्हणाली.