हेमकांत मिस्त्रीची घागर

चहा येतोय. तोवर तुम्हाला भिकुबाईची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर वाटू द्या, पण गावात कुणाला विचारायला जाऊ नका. लोक विषय बदलतात.

त्या दिवशी सकाळी भिकुबाई म्हसावदच्या घरात निघायच्या तयारीत उभी होती. गळ्यातल्या पिशवीत पोरीने लिहून पाठवलेल्या चिठ्ठ्या. कुठे उतरायचं, कुठे चढायचं, सगळं. पोरगी म्हणजे रूपाली, तिकडे नॉर्वेत नर्स आहे. पार उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळत नाही. तिने आईबापाची दोन तिकिटं काढली होती. पण बाप, म्हणजे हेमकांत मिस्त्री, आखाजीनंतर, अक्षय्यतृतीयेनंतर हो, पंधरा दिवसांत गेला. विहिरीवरच गेला, पाना हातात होता. एक तिकीट रद्द झालं, एक राहिलं.

हौस त्याचीच होती हो. चाळीस वर्षं त्याने जळालेल्या पाण्याच्या मोटरी भरल्या, आतली तार नव्याने गुंडाळून. शेतीची लाइट येणार रात्री, मोटर जळणार रात्री, आणि दार वाजणार मिस्त्रीचं. पोरगी म्हणाली तिकडे रात्रच होत नाही, तर हा म्हणे, "जठे रातच नही, तठे माले कोन उठाडी?"

तर भिकुबाईने चपला घातल्या आणि जुन्या सवयीने घरात तोंड करून बोलून गेली, "चला, उशीर हुई ऱ्हायना."

नणंद सुगंधाबाई भिंत धरून खाली बसली.

"वहिनी, हाई काय बोलनी तू? गयेल मानूसले कोन चला म्हनस? घर सांभाळा म्हनतस."

आपल्याकडे वर्ष होईपर्यंत असंच म्हणायचं असतं. पण शब्द सुटला तो सुटला.

शहाद्यापर्यंत जान्याची काळीपिवळी. चौदा माणसं कोंबल्याशिवाय हा जान्या गिअर टाकत नाही. त्या दिवशी भिकुबाईशेजारची जागा त्याने शेवटपर्यंत भरली नाही. मागून एकजण ओरडला, "जान्या, सासरा बसाडेल शे का तठे?" जान्या आरशात बघून म्हणाला, "मिस्त्री बठेल शेत ना." आणि मग त्याचं त्यालाच कळलं, तसा त्याने आरसाच वर फिरवून टाकला.

नंदुरबारहून सुरत, सुरतेहून मुंबई. तिथवर भाचा उमाकांत सोबत होता. सुरतेला चहावाल्याने तीन कप हातात दिले. उमाकांत म्हणाला दोनच सांगितले होते. चहावाला म्हणे, तिघं आहात ना.

पुढे बाई एकटी. आखातातल्या विमानतळावर उतरली तर दारात चाकांच्या दोन खुर्च्या उभ्या, दोन ढकलणारे. ती एकीत बसली. दुसरा माणूस रिकामी खुर्ची ढकलत शेजारून चालला, आणि उताराला ती हळूच मागे ओढून धरायचा, आत वजन असल्यासारखी. तिथून ऑस्लो, मग एक लहान विमान, मग रूपालीसोबत बस, आणि शेवटी होडीने एका बेटावर. तिथे लाकडाचं घर भाड्याने घेतलेलं, आठ दिवसांसाठी.

घरमालकाने सांगितलं होतं, पंप दोन वर्षं बंद आहे, पाणी बादलीने आणा. तिसऱ्या सकाळी नळ खोकला आणि धो धो वाहायला लागला. रूपालीने मागे जाऊन बघितलं. पाइपाच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळलेली, टोक आत खोचलेलं. बाप खोचायचा तसंच. अख्ख्या बेटावर सायकल नव्हती.

"माय, हाई कोनी कयं?"

"गपचूप पानी भर," भिकुबाई म्हणाली.

त्याच दिवशी सुगंधाबाईचा फोन आला. रूपालीने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, निंघतांना परत चला म्हनजो. नहीते भाऊ तठेच ऱ्हाई जाई. आखाजीले घागर भरसू, त पानी कोन पिई?"

भिकुबाई हो म्हणाली. मनापासून म्हणाली. पहिल्या आखाजीला नावाने भरलेली घागर गेलेल्या माणसाला मिळाली नाही तर तो तहानलेलाच फिरतो, हे तिने जन्मभर ऐकलेलं.

निघायच्या आदल्या रात्री, म्हणजे घड्याळात रात्र, ती बाहेर आली. सूर्य पाण्याच्या कडेकडेने सरकत होता, पिवळा, बिनउबेचा. ओट्यावर एक खुर्ची समुद्राकडे तोंड करून ठेवलेली. खुर्ची रिकामी होती. पण तिची लांब सावली भिंतीवर पडली होती, आणि सावलीत माणूस बसला होता. डोकं मागे टेकलेलं. हात मांडीवर, रिकामे. चाळीस वर्षांत भिकुबाईने ते हात रिकामे बघितले नव्हते. ती तिथेच उभी राहिली. भीती वाटली का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "त्यासले निंद लागेल व्हती."

सकाळी होडीने भोंगा दिला. रूपालीने सामान उचललं, आईकडे बघितलं. भिकुबाईने दाराशी थांबून तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. खुर्चीवरची उशी नीट केली आणि होडीत जाऊन बसली.

येताना विमानतळावर एकच खुर्ची आली.

सुगंधाबाईने तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलंय. आणि उद्या आखाजी. गेलेल्याच्या नावाने घागरीपाशी एक पुरुषमाणूस जेवायला बसवावा लागतो, त्याला आपण पितर म्हणतो. भिकुबाई आठ घरी जाऊन आली. जो येणारच नाही त्याच्या जागी कोण बसणार, म्हणून सगळ्यांनी काम काढलं. मी बसलो असतो, पण मी पडलो त्याचा सख्खा साडू, चालत नाही.

तुम्ही परगावचे. वयाने त्याच्याएवढे. उद्या दुपारी तिच्याकडे जेवायला जा. पुरणपोळी असेल, आमरस असेल. ती फार बोलणार नाही. ताटाशेजारी घागरीतलं पाणी ठेवेल, ते तेवढं सगळं प्या, एक घोट मागे ठेवू नका.