दोन माय वांग

सकाळी दवाखान्यात पाऊल टाकताच अर्लिस त्वेटला बातमी कळली. माय वांग नावाच्या बाईंना आदल्या दुपारी पेनिसिलिन टोचलं गेलं आणि दहा मिनिटांत त्यांचा घसा सुजून श्वास कोंडला. नर्स तत्पर होती म्हणून बाई वाचल्या. पेनिसिलिन आपल्याला सोसत नाही, हे बाईंनी दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. मग ते नर्सच्या पडद्यावर का दिसलं नाही? अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या त्या दवाखान्याचा डेटाबेस अर्लिसनेच बांधलेला, त्यामुळे शोधायचंही तिनेच.

शोधायला फार वेळ लागला नाही. माय वांग दोन होत्या, दोघीही लाओसहून निर्वासित होऊन आलेल्या मोंग जमातीच्या. दोघींची जन्मतारीख एक जानेवारी छप्पन्न. आणि डेटाबेसमध्ये माणूस ओळखायचा तो नाव आणि जन्मतारीख यांवरून. गेल्या महिन्यात दुसऱ्या माय वांगची नोंदणी झाली आणि तिची माहिती पहिलीच्या माहितीवर जाऊन बसली. 'ॲलर्जी नाही.'

ती व्यवस्थापकाच्या खोलीत गेली. कर्ट ब्रांडवोल्ड डोनट खात होता.

"या मोंग लोकांचे वाढदिवस सगळे एकाच दिवशी कसे येतात?" तो म्हणाला. "आणि आडनावं बोटांवर मोजण्याइतकी. आपण तरी काय करणार?"

त्याच्या ओठाला साखर चिकटली होती. अर्लिसला त्याची किळस आली. तीन वर्षांपूर्वी याच खोलीत तिने सांगितलं होतं, की प्रत्येकाला एक निव्वळ क्रमांक देऊ; त्याला काही अर्थ नको, तो कधी बदलायला नको आणि एकाचा दुसऱ्याला मिळायला नको. तेव्हा याने हसत विचारलं होतं, "माणसं आहेत की गुरं, बिल्ले मारायला?" आणि तिने मान डोलावून त्याच्या मनासारखं करून दिलं होतं. ते आठवलं आणि तिला स्वतःचीही किळस आली.

"असं कर, फोन नंबर जोड त्याला," कर्ट म्हणाला.

"एका फोनवर अख्खं घर असतं. आणि फोन बदलतात."

"मग सरकारी सोशल सिक्युरिटी नंबर घे."

"तो सगळ्यांकडे नसतो."

"तू ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस."

"मी नाही काढत. काल ती एका बाईच्या घशात निघाली."

त्याने बोटं पुसली. "अहवालात लिही, रुग्णाने अपुरी माहिती दिली."

ती बाहेर पडली आणि थेट इस्पितळात गेली. माय वांग उशीला टेकून भाताची पेज पीत होत्या. त्यांची लेक पा न्या शेजारी बसली होती. अर्लिसने आपण कोण ते सांगितलं, चूक कशी झाली ते सांगितलं, आणि मग जन्मतारखेचं विचारलं.

पा न्याने आईला विचारून सांगितलं, "आई म्हणते, तिचा जन्म भातकापणीतला. निर्वासितांच्या छावणीतल्या साहेबाला तारीख हवी होती. रांग मोठी होती. तो सगळ्यांना एक जानेवारी लिहीत सुटला."

माय वांग काहीतरी पुटपुटल्या. पा न्याने तेही सांगितलं.

"ती म्हणते, तिथेही कुणी ऐकून घेतलं नाही."

अर्लिसने अहवाल खरा लिहिला. आपण कशाला मान डोलावली होती, तेही त्यात घातलं, आणि तो कर्टला न दाखवता विश्वस्तांकडे दिला. पुढचे सहा आठवडे ती कागदी अर्ज काढून एकेक नोंद सोडवत बसली. एकमेकांत मिसळलेली एकशे त्रेचाळीस माणसं निघाली. एका आजोबांच्या नावावर दुसऱ्याच्या मुतखड्याची शस्त्रक्रिया होती. प्रत्येकाला तिने स्वतंत्र क्रमांक दिला.

विश्वस्तांच्या बैठकीत कर्टने नवी पद्धत पडद्यावर दाखवली. "आम्ही सुरुवातीपासून याच मताचे होतो," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. अहवालाचा विषय कुणी काढला नाही.

बैठक संपल्यावर त्याने अर्लिसपुढे हात केला. तिने तो घेतला नाही. ती खाली आपल्या टेबलाशी गेली आणि राजीनामा लिहायला बसली.