घरच्यासारखी

पिटुकलीला सांभाळणाऱ्या मावशींना त्या घरात अगदी घरच्यासारखं वागवत. घरच्या माणसाला सुट्टी लागत नाही, पगारवाढ शोभत नाही आणि झोपायला पिटुकलीच्या खाटेशेजारची गादी पुरते. या बाबतींत कुणी कधी परकेपणा दाखवला नाही.

पगाराचा विषय निघाला की ताई पिटुकलीला मावशींच्या कडेवर द्यायच्या. पोर गळ्यात हात टाकायची आणि मावशी तिला भरवायला घेऊन जायच्या. पोर बसायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली. पगार मात्र रांगतच होता.

या खेपेस मावशींनी पोरीला कडेवर घेऊनच विचारलं, "ताई, माझ्या लेकीची फी वाढलीय. पगार वाढवा, नाहीतर मला दुसरं काम बघावं लागेल."

"एवढं घरचं मानलं, आणि शेवटी पैशावरच आलात ना!" ताईंचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनीच त्यांनी एजन्सीला फोन लावला.

नवी बाई आली. तिचा पगार मावशींनी मागितलेल्यापेक्षा जास्त ठरला. "बाजारभाव आहे, काय करणार?" साहेब म्हणाले. घरच्यांना बाजारभाव नसतो.

पोर नवीकडे रुळेपर्यंत मावशींनी थांबायचं ठरलं. त्याची रीत त्यांना ठाऊक होती. पोराकडे बघायचं नाही. हाकेला ओ द्यायची नाही. कडेवर तर घ्यायचंच नाही. त्यांनी आधीच्या घरांतली पोरं अशीच स्वतःपासून सोडवली होती.

"माशी, घे!" पिटुकली स्वयंपाकघराच्या दारात हात वर करून उभी राही.

"मला काम आहे. जा तिकडे." मावशी घासलेलं पातेलं पुन्हा घासत.

पोर रडून घर डोक्यावर घेई. नवीलाच गलबलून आलं. "अहो, घ्या ना एकदा. माझ्याच्यानं बघवत नाही."

"आज घेतलं तर उद्या परत पहिल्यापासून रडेल. किती वेळा रडवायचं गं तिला?"

शेवटी एका सकाळी पोर नवीच्या हातून जेवली. हसलीसुद्धा. ताई खूश झाल्या. "बघा, किती लवकर विसरली! मुलांचं असंच असतं हो."

"हो," मावशी म्हणाल्या आणि पिशवी घेऊन दाराशी आल्या. चपलेचा पट्टा काही केल्या लागेना. नवी पोरीला कडेवर घेऊनच खाली वाकली आणि तिने तो लावून दिला. पिटुकलीचं डोकं अगदी हाताशी आलं.

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि घट्ट धरून ठेवले.