अंगुस्तानाचा ठसा

"जाळून कोळसा करीन," असं म्हणत बत्तूलने फळीवरचं फडकं बाजूला केलं.

कच्च्या रोट्यांवर शिवणाच्या अंगुस्तानाचे गोल ठसे होते. मोरोक्कोतल्या फेज शहराच्या त्या गल्लीत घरोघरचं पीठ हमदूनकाकांच्या भट्टीत भाजायला येई, आणि प्रत्येक घराची खूण वेगळी. हा ठसा बत्तूलच्या आईचा. आता तो मारते भावजय सफिया. तिनेच बत्तूलला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, बरी झाल्यावरही घराचं दार उघडलं नाही. आज तिच्या मुलीचा साखरपुडा होता. फळी आणणारी मोलकरीण बोलून गेली होती, "सोयऱ्यांना सांगितलंय, आत्या कधीच वारली."

पुनर्वसन केंद्रातली हानिया दर गुरुवारी येई, तशी बाकावर बसली होती. पहिल्या भेटीत तिने विचारलं होतं, "मावशी, तुम्हाला काय हवंय?"

"सूड."

"बरं. त्यासाठी आधी काय लागेल?"

आधी शांत झोप हवी होती, वेळेवर औषध हवं होतं. मग हे भट्टीवरचं काम.

"जाळा, मी अडवणार नाही," आज हानिया म्हणाली. "पण उद्या गल्ली काय म्हणेल?"

"वेडी ती वेडीच."

"आणि काका?"

बत्तूलने भट्टीच्या लांब फावड्याची मूठ घट्ट धरली. "हे काढून घेतील. तू पण ना पोरी, गोड बोलून कात्रीत धरतेस."

ती विस्तवाकडे वळली. मग रोट्या आत सरकवल्या, फिरवून फिरवून भाजल्या. एकीलाही डाग पडू दिला नाही.

"काका, ही फळी मीच पोचवते."

"मी येऊ?" हानियाने विचारलं.

"कोपऱ्यापर्यंत. तू दारात दिसलीस की त्यांना इस्पितळ दिसेल."

पाहुण्यांनी भरलेल्या अंगणात तिने फळी टेकवली. "मी बत्तूल, मुलीची आत्या. रोट्या मी भाजल्यात, गरम आहेत तोवर खा."

नवऱ्या मुलाची आई सफियाकडे बघत राहिली, मग सरकून म्हणाली, "बसा ना, आत्या."

बत्तूल ऐसपैस बसली. "वहिनी, पहिली तू मोड. तुझ्या घरची आहे."

सगळे बघत होते. सफियाने रोटी मोडली. आईच्या ठशावरून चीर गेली आणि वाफ वर आली.

घास काही सफियाच्या तोंडाशी गेला नाही. रोट्या वाटून रिकामी झालेली फळी मांडीवर घेऊन बत्तूल तो निवताना बघत राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.